फ्रिज बिघडला आहे

१ डिसेंबर

बाळ्या,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू 'बरं' म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राचं तसं नसतं, निदान पुढे काय लिहिलंय या उत्सुकतेने तरी माणूस शेवटपर्यंत जातो. शिवाय टपालाचा खर्च नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरदादा हल्ली तुमच्या शहराच्या गाडीवर आहेत, तेच हातोहात आणून देतील. कागदही फुकटचा आहे. मागची बाजू वाचत बसू नकोस, आमच्या हॉटेलच्या खोल्यांचे जुने दर आहेत. दर वाढले, कागद रद्दीत निघाले, आणि रद्दी नेहमीप्रमाणे माझ्याकडे आली.

सोबतच्या पुडीत सहा रंगीत खडू आहेत. टिल्लीचे. मागच्या सुट्टीत तिच्या नव्या पेटीतले मी काढून ठेवले होते ते. बारा रंग एकदम हातात दिले की मूल सगळेच अर्धे अर्धे झिजवतं, सहा आता वापरावेत आणि सहा पुढच्या वर्षी, असं माझं म्हणणं होतं. ते अजूनही आहे. पण मी काढले त्यांत हिरवा आणि निळा दोन्ही गेले, त्यामुळे पोरीला झाडही काढता येईना आणि आभाळही, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. ती रडली. तू भरल्या ताटावरून उठलास आणि म्हणालास, "या घरात मायासुद्धा मोजूनमापून मिळते." सुट्टी संपायच्या आधीच तिघंही निघून गेलात. त्याला आता वर्ष होईल.

मी ते उकरून काढायला लिहीत नाहीये. वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या की तिघं इकडे या, एवढंच सांगायचं आहे. सुट्टीत आमच्या लॉन्ड्रीत श्वास घ्यायला फुरसत नसते हे तुला माहीत आहे. हॉटेल गच्च भरतं आणि चादरींचे डोंगर खाली येतात. त्यात यंदा वाफेचा प्रेस म्हाताऱ्यासारखा कण्हायला लागलाय. पण संध्याकाळी मी घरी असते, आणि घर तुमचंच आहे.

आणि हे मुद्दाम लिहिते, मी बदलले आहे. लॉन्ड्रीतल्या बायका अजून 'कात्री' म्हणूनच हाक मारतात, पण ती जुनी सवय. आता मी बाहेरच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात एकाच वेळी दिवा लावते. आंघोळीला पाणी काढताना गीझरच्या बटणावर हात ठेवून उभी राहत नाही. चहात साखर लागेल तेवढी. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरदादांना विचार, काल त्यांनी माझ्याकडे चहा घेतला आणि गोड झालाय म्हणून तोंड वाकडं केलं.

टिल्लीला म्हणावं, आत्या वाट बघतेय.

ताई


६ डिसेंबर

बाळ्या,

तुझा फोन आला. "यंदा जमणार नाही ताई, सुट्टीत कारखान्यात जादा काम असतं." एवढं बोलून तू फोन ठेवलास. मी विचारणार होते की खडू मिळाले का, तेवढीही सवड दिली नाहीस.

बरं. नका येऊ. बाटल्यांची झाकणं करणारा कारखाना माझ्या भावावाचून एक आठवडा बंद पडेल, हे मला आधीच कळायला हवं होतं. मी आपली वेडी, दोन गाद्या उन्हात घातल्या, उशांना नवे अभ्रे शिवले. शिवले म्हणजे हॉटेलच्या फाटक्या चादरींच्या चांगल्या कडा कापून शिवले, पण शिवले ना? मुकादमबाईंना विचारून घेतल्या होत्या, चोरून नाही.

तुला अजून वाटतंय की इथे आलं की पुन्हा तेच सुरू होईल. म्हणून सांगते, यंदा मी थंडीतही फ्रिज चालू ठेवलाय. हो, डिसेंबरात. आठवतंय ना, थंडी पडली की मी फ्रिज बंद करायची, दार अर्धं उघडं ठेवायची आणि बंद होऊ नये म्हणून मधे फडक्याची घडी अडकवायची. दूध आपलं खिडकीत. तुला याची इतकी लाज वाटायची की मित्र घरी आला की तो आत यायच्या आधी तूच ओरडून सांगायचास, "फ्रिज बिघडलाय." दर वर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी आमचा फ्रिज बिघडलेला. तर आता तो घूं घूं करत रात्रंदिवस चालतो आणि आत दूध आणि दोन लिंबं असतात. झालं समाधान?

राग धर, पण वर्षभर धरावा इतका सहा खडूंत काय जीव असतो? तुझ्या शाळेच्या फिया, तुझं फिटरचं शिक्षण, तुझे बूट, हे सगळं कुठून आलं, असं मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. लिहून गेले, पण खोडत नाही.

यापुढे आग्रह करणार नाही.

ताई


११ डिसेंबर

बाळ्या,

हे पत्र मी पाठवणार नाहीये. पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

आज सकाळी ड्रायव्हरदादा गाडीवरून आले आणि जिन्यात भेटले. म्हणाले, "ताई, तुमचं पत्र दिलं हो भावाला. चहासुद्धा पाजला त्यांनी. पावडरच्या दुधाचा होता, पण मनापासून पाजला. म्हणाले, काय करणार, फ्रिज बिघडलाय."

मी म्हटलं, "बिघडलाय म्हणजे?"

"म्हणजे बंदच होता. दार अर्धं उघडं, मधे काहीतरी फडकं अडकवलेलं. मी म्हटलं, मेकॅनिकला दाखवा. तर म्हणाले, सुट्ट्या संपल्या की बघू. घर झकास आहे हो. तिघं एकाच खोलीत गुरगुटून बसली होती, पोरगी चित्रं काढत होती. भर दुपारी भाऊसुद्धा घरी सापडले, नाहीतर मला पुन्हा खेप पडली असती."

दादांना काय कळणार? त्यांना आपल्या घराची रीत ठाऊक नाही. पण मी तीस वर्षं थंडीत तो फ्रिज बिघडवलाय. फडक्याची घडी कुठे अडकवायची ते तुला मी दाखवलं होतं, आणि तू तेव्हा नाक मुरडलं होतंस. ज्याला या गोष्टीची एवढी लाज वाटायची, तो हौसेने ती करणार नाही. ज्या कारखान्यात सुट्टीचं जादा काम आहे, त्याचा फिटर भर दुपारी घरी नसतो. आणि दिवसाही दिवा लागणाऱ्या तुमच्या घरात तीन माणसं एका खोलीत गुरगुटून बसतात ती दुसऱ्या खोलीतला दिवा वाचवायला, हे मला कोणी शिकवायला नको.

तुझं काम गेलंय, बाळ्या. कधी गेलं? या वर्षभरात तू फोन कमी केलेस ते रागाने नाही, बोलता बोलता तोंडून निघून जाईल म्हणून. आणि मी इथे दोन दोन दिवे लावून तुला लिहीत बसले की बघ, मी किती खर्च करते. सहा तारखेचं ते पत्र मी परत मागितलं असतं तर बरं झालं असतं. त्यात फिया काय काढल्या, बूट काय काढले. कपाळाला हात लावून बसले आहे.

तुला चिडका म्हटलेलं चालतं, पण हात रिकामा आहे हे कोणाला कळलेलं चालत नाही. हे पत्र पाठवलं तर तू पैसे तर घेणार नाहीसच, वर पुन्हा कधी माझा फोनही उचलणार नाहीस. तुला मी ओळखते. लहानपणी शेजारच्यांनी खाऊ दिला तर मी तुला घेऊ द्यायची नाही. आपल्याला गरज नाही म्हणून सांग, असं शिकवायची. ते तू फार चांगलं शिकलास.

मला तुझ्याकडून दुसरं काही नको आहे. तू मला स्वतः सांगावंस, एवढंच हवंय. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळून उपयोग नाही. आणि ते तुझ्याकडून काढून घ्यायचा मार्ग मला सापडत नाहीये.

ताई


१२ डिसेंबर

अगं,

हे पत्र बाळ्याला नाही, तुला आहे. तुला स्वतंत्र पत्र मी आजवर कधी लिहिलं नाही. सगळ्यांना मिळून एकच, त्यात शेवटी 'सौ.ला आशीर्वाद'. कागद वाचायचा. ड्रायव्हरदादांना मी सांगितलंय की टिल्लीला आणायला जातेस तेव्हा हे शाळेच्या फाटकापाशी तुझ्याच हातात द्या.

फार लांबण लावत नाही. तुमचा फ्रिज खरंच बिघडला असेल तर हे पत्र विसरून जा आणि मेकॅनिकला दाखव. पण तो बिघडलेला नसून बंद असेल, तर मला एवढंच कळव की बंद केल्यावर दाराच्या रबराला खाचेतून कोरडं फडकं मारलंस का. नसेल मारलं तर तिथे बुरशी धरली असेल. ओल्या फडक्याला चार थेंब व्हिनेगर लावून पुसून घे, मग कोरडं कर. बर्फाच्या कप्प्याखाली एक जुनं भांडं ठेव, पाणी गळतं.

बाकी काही विचारत नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर बुरशीचं तेवढं कळव.

ताई


१८ डिसेंबर

अगं,

तुझी चिठ्ठी दादांनी लॉन्ड्रीत आणून दिली. "हो ताई, धरली आहे," हे पहिलंच वाक्य वाचून मला हसू आलं आणि पुढचं वाचून डोळे भरले. कारखाना जूनमध्येच बंद झाला आणि सहा महिने तुम्ही तिघांनी ते पोटात ठेवलंत. "ताईला कळता कामा नये, तिने जन्मभर पैसा पैसा करून मला उभं केलं, तिला काय तोंड दाखवू," असं तो म्हणतो, ते तू लिहिलंस ते बरं केलंस. मी त्याला काही कळू देणार नाही. तूही मूग गिळून गप्प राहा. सांगायचं तर तोच सांगेल.

तू लिहितेस, "ताई, तुमच्या सवयींना मी मनातल्या मनात फार हसले आहे, आता त्याच मला शिकवा." हसलीस तर हसलीस. मनातल्या मनात कसली, तुझ्या तोंडावर दिसायचं की. शिकवते.

सुट्टीत पैसा जातो तो खाण्यापिण्यात नाही, 'आता काय करू' यात जातो. मूल घरी असतं, कंटाळतं, त्याला घेऊन आपण बाहेर पडतो, आणि बाहेर पाऊल टाकलं की हात खिशात. म्हणून सकाळचा वेळ आधी बांधून टाक. बाजारात जाशील तर सगळ्यांची पोटं भरून जा, आणि संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी जा, भाजीवाल्यांना टोपली परत न्यायची नसते. डाळ लावशील त्याच कुकरात वर बटाटे ठेव. कपडे रोज धुऊ नकोस, मशीन भरू दे. टिल्लीचा स्वेटर आखूड झाला असेल तर नवा घेऊ नकोस. मनगटाची पट्टी उसवून दुसऱ्या रंगाची लोकर विणलीस तर ती मैत्रिणींना फॅशन म्हणून दाखवेल. माझ्याकडे लोकरीचे उरलेले गुंडे आहेत, पाठवते आहे.

तिच्या मैत्रिणी सुट्टीत हॉटेलात राहायला जाणार आणि ही कुठे जाणार म्हणून विचारते, असं तू लिहिलंस. तर तिला हॉटेलातच ने. घरातल्या घरात. गेली सव्वीस वर्षं मी हॉटेलच्या पोटात काम करते आहे, तिथे नक्की काय असतं ते मी सांगते. चादर इतकी ताणून खोचतात की पाय घालताना जोर लावावा लागतो. उशी थापटून उभी करतात. टॉवेलची घडी पक्ष्यासारखी करून गादीवर ठेवतात, ती कशी करायची ते चित्र काढून सोबत दिलंय, मान करताना घट्ट गुंडाळ नाहीतर पडते. दारावर टकटक करायची आणि आत न येता विचारायचं, "मॅडम, खोली आवरू का?" एवढंच असतं गं. बाकी सगळं बिल असतं. बाळ्याला दारवान कर, टोपी घालून उभा राहू दे, त्यालाही बसून बसून कंटाळा आला असेल.

आणखी एक. तू लिहितेस की ड्रायव्हरदादा मागच्या खेपेला घरी येऊन गेल्यापासून तो फारच गप्प आहे, धड जेवत नाही, आणि मधेच विचारतो, "ताईचं वय किती झालं असेल गं?" हे काही मला झेपलं नाही. माझं वय काढायचं त्याला काय कारण? वाढदिवसाला काही पाठवायचं असेल तर म्हणावं माझा वाढदिवस एप्रिलात असतो, आणि कधी पाळला नाही तो आता नको. कामाच्या काळजीने असेल. त्याच्याशी फार बोलू नकोस, समोर बसून मटार सोलायला दे. हाताला काम मिळालं की त्याला बरं वाटतं, लहानपणापासून तसाच आहे.

पैसे पाठवत नाही. पाठवले तर तो विचारेल कुठून आले. लोकरीच्या पिशवीत तळाशी तांदूळ आहेत, ते तू कुठून आणलेस ते तू बघ, तुलाही आता थोडं खोटं बोलायला शिकलं पाहिजे.

ताई


२३ डिसेंबर

अगं,

तुझी घालमेल होत असेल म्हणून दादांच्या पहिल्याच गाडीने हे पाठवते. बाळ्या इथे आहे. परवा तुला "एका ठिकाणी मुलाखत आहे" असं सांगून तो निघाला ना? मुलाखत माझीच होती.

दुपारची वेळ. लॉन्ड्रीत वाफेने समोरचं माणूस दिसत नव्हतं, प्रेस नेहमीसारखा कण्हत होता. मी आत चादरी पिळत होते. घड्या घालणाऱ्या मावशी दारापाशी असतात. त्यांनी मला नंतर सांगितलं ते असं. एक माणूस आला, दाढी वाढलेली, आणि हळू आवाजात म्हणाला, "मी कात्रीताईंचा भाऊ. ती बरी आहे ना? खरं सांगा, मला सगळं ठाऊक आहे."

मावशी म्हणाल्या, "बरी? आज सकाळीच साबणाच्या तुकड्यावरून माझ्याशी भांडली. तुकडा फेकला म्हणून पाऊण तास बोलत होती."

तर तो तिथल्या मळक्या कपड्यांच्या ट्रॉलीवर मटकन बसला. मी बाहेर आले तर माझा भाऊ ट्रॉलीत बसलेला, आणि मावशी त्याला पाणी देताहेत.

मला म्हणतो, "ताई, डॉक्टर काय म्हणाले?"

म्हटलं, "कोण डॉक्टर?"

"आता लपवू नकोस. दादांनी मला सगळं सांगितलंय. तू दोन दोन दिवे लावून बसतेस. गीझर चालू सोडतेस. चहात साखर ओततेस. आणि तू स्वतः लिहिलंस, थंडीत फ्रिज चालू आहे. तू असं कधी वागलीस का? मला वाटलं, हिला कोणीतरी सांगितलंय की फार दिवस उरले नाहीत, म्हणून ही..."

कळलं तुला? मी त्याला बोलावण्यासाठी हात सैल सोडल्याचं सोंग केलं, आणि त्याला वाटलं मी आवराआवर करतेय. पंधरा दिवस हा माणूस माझ्या साखरेवरून माझं मरण मोजत होता. म्हणून वय विचारत होता तुला. तुमच्या फ्रिजवरून मी त्याला बरोबर ओळखलं आणि माझ्या फ्रिजवरून त्याने मला चुकीचं ओळखलं. मी इतकी हसले की मावशींना वाटलं मला काही झालं. मग रडले. सगळ्यांसमोर, वाफ होती म्हणून फारसं दिसलं नसेल.

तो मात्र डोळे पुसता पुसता प्रेसकडे बघत होता. म्हणाला, "याचं बेअरिंग गेलंय. असंच चालवलं तर रोलर जाम होऊन बसेल." आणि उठून बाह्या वर केल्या. मुकादमबाई आल्या तेव्हा त्याने अर्धा प्रेस उघडून जमिनीवर मांडला होता. त्या आधी ओरडल्या, मग नुसत्या बघत राहिल्या, कारण मेकॅनिक आठ दिवसांपासून येतो म्हणून येत नव्हता. संध्याकाळी प्रेस आवाज न करता फिरला. उद्या ड्रायर बघायला बोलावलंय आणि दोन्हींचे मिळून पैसे देणार आहेत. कायमचं काम मिळालं असं समजू नकोस, सुट्टीच्या गर्दीपुरतं आहे. पण मुकादमबाईंनी आज त्याला 'अहो फिटर' अशी हाक मारली, तेव्हा त्याची मान कशी ताठ झाली ते तू बघायला हवं होतंस.

घरी आल्यावर त्याने आधी चप्पल काढली आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद केला. मी बाहेरच्या खोलीत बटाटे कापत होते, तो समोर बसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, कारखाना बंद पडलाय. जूनपासून. मी तुला खोटं सांगत होतो."

मी सुरी खाली ठेवली. आता कळल्यासारखं केलं. तुझ्या चिठ्ठीचं नाव काढलं नाही, तूही जन्मात काढू नकोस. तो सांगत गेला, कुठे कुठे अर्ज केले, कोणी काय म्हटलं, तुझ्या बांगड्या गहाण टाकताना तू कशी हसत होतीस, टिल्लीने टोपी घालून त्याला दारवान केलं तेव्हा तो बाथरूममध्ये जाऊन कसा रडला. म्हणाला, "तू मला एवढं शिकवलंस, आणि मी तुझ्यापुढे हात पसरायला यायचं?" मी म्हटलं, "हात पसरायला नाही आलास. मी मरतेय का बघायला आलास. ते चालतं." तेव्हा कुठे तो हसला. सहा महिन्यांचं सांगून झाल्यावर दोनदा भात मागून घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

आता तुमचं. दोन ठिकाणी दोन चुली पेटत्या ठेवण्यात काही अर्थ नाही. तिकडची वीज, गॅस, दूध बंद कर, फ्रिज आधीच बंद आहे, आणि टिल्लीला घेऊन शुक्रवारच्या गाडीने ये. दादा पुढच्या दोन जागा धरून ठेवणार आहेत. माझ्या एका पगारात आणि त्याच्या मिळतील त्या कामात चौघांचं भागेल, माझा हिशेब आजवर चुकलेला नाही. बांगड्या सोडवायचं आपण दोघी बघू, त्याला मधे घ्यायचं नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे, सात-आठ वर्षं. घरी कोणी आलं की मी दारातच विचारते, किती दिवस राहणार? लग्नानंतर तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तुलाही विचारलं होतं आणि तुझा चेहरा उतरला होता. तुला वाटलं असेल, ही घालवायला टपली आहे. मला दूध किती घ्यायचं ते कळायला हवं असतं गं, बाकी मनात काही नसतं. काल जेवताना बाळ्याच म्हणाला, "ताई, या वेळी तू विचारलं नाहीस."

"काय?"

"किती दिवस."

मी त्याला भात वाढला आणि म्हटलं, "दूधवाल्याला रोजचं दोन लिटर सांगितलंय. बंद कधी करायचं ते त्यालाही सांगितलेलं नाही."

तर या. येताना काही आणू नका, टिल्लीची शाळेची पुस्तकं तेवढी घ्या. आणि परतीचं तिकीट काढू नकोस. आत्ताच काढलं तर स्वस्त पडतं, ते मला ठाऊक आहे. तरी काढू नकोस.

ताई